पोरीच्या डोक्यावर ठिव

आप्पा, तुम्हाला लिहायची मला काही हौस नव्हती. शिरूरला व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं रविवारी पेशंटच्या घरच्यांची बैठक असते. तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं म्हणून बसले आहे. ज्याच्यावर राग आहे त्याला पत्र लिहा, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तो माणूस कधीच मरून गेला, पाठवू कुठं? त्या म्हणाल्या, पाठवायचं नाहीच, नुसतं लिहायचं. पेशंट म्हणजे तुमचा धाकटा, माझा भाऊ. त्याला तिथं ठेवलं होतं म्हणून मी जायची. आपण बाकावर बसायचं, चहा प्यायचा, त्याची विचारपूस करायची आणि कारेगावला परत यायचं, एवढंच मला वाटलं होतं. पण तिथं पेशंटपेक्षा आम्हालाच जास्त बोलतं करतात. तर आज दुपारी नवरा आणि मुलगा बाहेर गेलेत, घरात कुणी नाही, आणि मी लिहिते आहे. वर तीर्थरूप वगैरे लिहिणार नाही. ते लिहिण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही.

आपल्या कासुर्डीत अजूनही जुनं माणूस भेटलं की तुमचा विषय काढतंच. "तुझ्या बापावानी गुळव्या परत झाला न्हाई," म्हणतात. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असतो, तो नेमका कधी उतरवायचा ते गुळव्याने ठरवायचं. जरा आधी उतरला तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला की करपतो. तुम्ही गार पाण्यात हात बुडवून उकळत्या पाकातला गोळा बोटांनी उचलायचात आणि सगळं गुऱ्हाळ तुमच्या बोटांकडं बघत उभं राहायचं. हाताला गुण आहे, म्हणायचे. त्या हाताचा गुण आमच्या घरात कसा दिसायचा ते त्यांनी कधी विचारलं नाही. आईच्या पुढच्या दाताचा तुकडा त्याच हाताने पडला, चुलीपुढं, ती भाकरी थापत असताना, कोरड्यास गार झालं होतं म्हणून. आईने भाकरीवर पडलेलं रक्त पदराने टिपलं आणि ती भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. धाकटा आणि मी भिंतीला चिकटून जेवत होतो. आम्ही जेवायचं थांबलो नाही. थांबलं की तुमचं लक्ष आमच्याकडं जायचं.

आता शपथेच्या त्या रविवारचं सांगते. मी आठ वर्षांची, धाकटा चार. त्याच्या दोन-तीन दिवस आधी तुम्ही पिऊन काहिलीशेजारीच आडवे झालात आणि अख्खी काहील करपली होती. मालक तुम्हाला काढूनच टाकणार होता. तुमचे थोरले भाऊ, आमचे आबा, मध्ये पडले आणि म्हणाले, देवासमोर शपथ घ्यायला लावतो, मग तर झालं? म्हणून आम्ही सगळे खंडोबाच्या देवळात आलो आहोत. मालक खांबाला टेकून उभा आहे. तुम्ही आंघोळ करून, केस चापून, कडक इस्त्रीच्या शर्टात, लग्नाला आल्यासारखे. एका हातात बेलभंडारा उचलायचा, दुसरा हात लेकराच्या डोक्यावर ठेवायचा आणि म्हणायचं की आजपासून थेंबाला शिवणार नाही, शिवलो तर या लेकराचं बरंवाईट होईल. आपल्याकडं याहून मोठी शपथ नाही. आई धाकट्याला कडेवर घेऊन पुढं झाली. तुमचा हात त्याच्या डोक्यावर टेकला, तेवढ्यात आबा बोलले.

"त्याच्या नगं. घरात एकच दिवा हाय. पोरीच्या डोक्यावर ठिव."

आई दोन पावलं मागं सरली आणि मोकळ्या हाताने माझा खांदा धरून तिने मला पुढं ढकललं. हळूच ढकललं, तेवढं खरं. पुजाऱ्याने मान डोलावली, मालकाने डोलावली. तुमचा हात धाकट्याच्या डोक्यावरून उचलला गेला आणि माझ्या डोक्यावर आला. तुम्ही खणखणीत आवाजात, डोळ्यांत पाणी आणून शपथ घेतलीत. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग सगळ्यांना खोबऱ्याचा प्रसाद वाटला आणि मालक तुम्हाला उद्यापासून या म्हणाला.

हे समजायला मला फार वर्षं लागली, पण एकदा समजलं ते समजलंच. तुम्ही शपथ पाळणार आहात असं कुणाला वाटलं असतं तर डोकं कुणाचंही चाललं असतं. धाकट्याचं चाललं असतं, आबांच्या नातवाचं चाललं असतं. पोरगा मागं घेतला आणि पोर पुढं केली, म्हणजे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की तुम्ही पिणार. आबांना ठाऊक होतं, मालकाला, आईला, तुम्हालासुद्धा. मग ती माणसं देवळात काय करत होती? घरातलं काय गेलं तर चालेल, ते ठरवत होती. तुम्ही प्यायलात याचा मला आता एवढा राग नाही. दारू हा आजार आहे, माणूस चांगला असला तरी सुटत नाही, हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय आणि ते खरंही असेल. मला राग याचा आहे की हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवताना तुमच्या तोंडून "हिच्या बी नगं" एवढं निघालं नाही. तेवढं एक वाक्य बोलला असतात तर पुढं जन्मभर प्यायलात तरी मी तुम्हाला बाप म्हटलं असतं.

हंगाम संपेपर्यंत तरी पाळाल असं वाटलं होतं. कशाचं काय. एकदा शाळेतून येताना मी गुऱ्हाळावर डोकावले. तुम्ही काहिलीवरचा फेस काढत होता आणि गरम गुळाच्या वासात तो दुसरा वास होता. मी पळत घरी गेले नाही. हळूहळू गेले, डांबरापासून लांब, शेताच्या कडेकडेनं, कारण सोलापूर रस्त्यावरचे ट्रक सुसाट असतात आणि आता माझं काही खरं नव्हतं. त्या दिवसापासून मी जपून जगायला लागले. विहिरीत वाकून बघायचं नाही, चिंचेवर चढायचं नाही, तुम्ही पिऊन आलात की दुसऱ्या दिवशी शेळीच्या मागंसुद्धा पळायचं नाही. आईला हे दिसत होतं. ती काय करायची, तर नारळ माझ्यावरून उतरवायची आणि तीन वाटा मिळतात तिथं फोडून यायची. बापाने प्यायची आणि लेकीवरून नारळ उतरवायचा, असा आमच्या घरात रिवाजच पडला. पाचवीत शाळेची सहल वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला निघाली. मी येणार नाही म्हटलं. गुरुजी घरापर्यंत आले विचारायला, मी पोट दुखतंय म्हणून पडून राहिले. आदल्या संध्याकाळी तुम्ही झोकांड्या खात आला होता आणि मी त्या एसटीत बसले असते तर माझ्यापायी वर्गातली सगळी पोरं मेली असती. दहा वर्षांच्या पोरीने करायचा विचार आहे का हा, आप्पा?

त्याच वर्षी मला टायफॉईड झाला आणि दौंडला दवाखान्यात ठेवलं. भेटायला येणारी एकेक बाई उशाशी बसून, माझ्यादेखत, मोसंबी सोलत सोलत आईला म्हणायची, "बापाची शपत भवली गं पोरीला." आई नुसती हो हो करायची. ताप उतरला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मला झाला नाही. मला वाटलं, ही वेळ टळली, आता पुढची कधी येईल त्याची वाट बघायची. तुम्ही आलात ते मला सोडायच्या आदल्या दिवशी. दाराशीच उभे राहिलात. हातात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा होता, त्या दिवशीच्याच काहिलीतला, अजून कोमट. तो खाटेच्या कडेला ठेवलात आणि म्हणालात, "बरी हायेस न्हवं?" मी मान हलवली आणि तुम्ही गेलात. शेजारच्या खाटेवरच्या मुलीचा बाप येता-जाता तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचा. तुम्ही जवळसुद्धा आला नाहीत. मोडलेल्या शपथेची तुम्हाला भीती वाटत असेल, असं आई मागाहून म्हणाली. गूळ मी त्या मुलीला दिला. तिने तो सगळा खाल्ला आणि चांगला आहे म्हणाली.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते. डोळे पिवळे, पोट पाण्याने फुगलेलं, पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथून परत आणलं ते झाकूनच. दहाव्याला कावळा पटकन शिवला. आबा म्हणाले, "कायबी इच्छा राह्यली नव्हती त्याची." राहील कशी, राहिलेलं सगळं आमच्याकडं होतं. मी रडले नाही म्हणून बायका कुजबुजल्या. माझ्या मनात एकच होतं, शपथ मोडणारा गेला, आता मी सुटले. मग रांजणगावला कंपनीत लागले, लग्न केलं. बघायला आलेल्या मुलाला मी 'दारू पिता का?' एवढं एकच विचारलं होतं आणि तो नाही म्हणाला ते खरं निघालं. आज माझ्या हाताखाली लाइनवर बऱ्याच मुली आहेत, निम्म्या बिहार-झारखंडकडच्या. मागं एकदा त्यातली एक गळ्याला चिमटा घेऊन "माँ कसम" म्हणाली आणि मी तिच्यावर अशी खेकसले की सगळी लाइन हातातलं काम टाकून बघायला लागली. "दीदी, ऐसे ही बोला," ती बिचारी म्हणाली. तिला काय सांगणार? मी तिला नंतर चहा पाजला.

आबांनी वाचवलेला दिवा विशीच्या आतच प्यायला लागला. कुरकुंभच्या एका कंपनीत चिकटला होता, तिथून गेला. मग कुणाच्या टेम्पोवर, मग कुणाच्या पोल्ट्रीवर, मग कुठंच नाही. कुणी म्हणालं रक्तातच आहे. रक्ताचं मला माहीत नाही. पण तुमच्या हाताखाली वाढलेल्या पोराला संध्याकाळी अंधार पडायला लागला की काय होत असेल, ते मला माहीत आहे. मलाही तसंच होतं, फक्त मी ग्लास उचलला नाही. मी काय करायची ते ऐका. भावजयीचा फोन यायचा, "वन्सं, आज परत पिऊन पडलेत," की दुसऱ्या दिवशी मी स्कूटी काढायची नाही, कंपनीत चालत जायची. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून काही शपथ घेतली नव्हती. पण हे अंगाला कोण समजावणार? बैठकीत मी हे सहज हसण्यावारी सांगितलं. तिथल्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, मग तुम्ही लहानपणापासून मरायची वाट बघत बसलाय." मला त्यांचाच राग आला आधी. चप्पल घालून तरातरा बाहेर आले, गाडीत बसले, आणि मग तुमचा आला. तो अजून गेलेला नाही. पण आता मी स्कूटी काढते.

मागच्या रविवारी धाकट्याला केंद्रातून सोडलं. नवऱ्याने गाडी काढली, न्हावरा, चौफुला करत आम्ही त्याला कासुर्डीला आणलं. वाटेत तो काचेतून ऊस बघत होता. दारात भावजयीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत गेलो तर आबा पलंगावर बसलेले. नव्वदीला टेकलेत, नजर गेली, आवाज तेवढा राहिलाय. त्यांच्यापुढं ताटात बेल आणि भंडारा. आणि शेजारी धाकट्याची मुलगी, नऊ वर्षांची, चापून तेल लावलेलं, दोन वेण्या, दिवाळीचा फ्रॉक. तिच्या पाठीवर एक मुलगा आहे. तो दिसत नव्हता. त्याला शेजारी खेळायला पाठवलं होतं.

"ये," आबा धाकट्याला म्हणाले. "भंडारा उचल आन् हात ठिव पोरीच्या डोक्यावर."

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "आबा, हिच्या डोक्यावर न्हाई."

"तू मधी पडू नगंस. ह्याच शपतीनं तुझा बाप सुदारला व्हता."

"कवा सुधारला? मी तिथंच व्हते."

"काय दिस तरी सुदारला. आन् तुला काय झालं? उभी हायेस न्हवं धडधाकट?"

हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत, आप्पा. त्यांना खरंच तसं वाटतं. मला काय झालं ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की ते सांगून या म्हाताऱ्याला कळणार नाही, याचं आयुष्य संपत आलंय. मग मी म्हटलं, "एवढीच चांगली शपथ हाय तर पोराच्या डोक्यावर घेऊ या. शेजारीच हाय की. आणा बोलवून." भावजयीने मान खाली घातली. आबा ताटातला बेल चाचपत बसले. भावजय हळूच म्हणाली, "वन्सं, मी तरी काय करू? सगळं करून बघितलं." तिच्यावर मला ओरडता आलं नाही. आईवरही मी कधी ओरडले नाही, ते चुकलं की बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग धाकटा बोलला. "मी शपथ घेणार न्हाई, आबा. कुणाच्याच डोक्यावर न्हाई. आज पिणार न्हाई, एवढंच म्हणायला शिकवलंय तिथं."

"आन् उद्या?"

"उद्याचं उद्या."

"म्हंजी उद्या पिणार?"

"तसं न्हवं आबा. उद्या उठल्यावर परत तेवढंच म्हणायचं."

"ह्याला काय शपत म्हणत्यात? हे तर दुकानातल्या पाटीवानी झालं, आज रोख उद्या उधार." आबांनी ताट बाजूला सारलं.

मला हसू आलं. धाकटाही हसला. हसताना तो तुमच्यासारखा दिसतो, ते मला आवडलं नाही. सगळ्यांना वाटलं विषय मिटला, भावजय चहा ठेवायला उठली, तेवढ्यात पोरगी रडायला लागली. घाबरली असेल म्हणून मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने माझा हात झटकला. "तू कशाला मधी आलीस आत्या? मीच मम्मीला म्हटलं व्हतं, माझ्या डोक्यावर ठेवा म्हणून." आणि बापाकडं वळून म्हणते, "पप्पा, ठेवा की. मला चालतंय." धाकट्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि म्हणाला, "शपथ न्हाई गं बाळा. तू नुसती बस माझ्याजवळ." ती बसली, त्याच्या कुशीला चिकटून, हुंदके देत. त्या दिवशीचं निभावलं. उद्या आबा परत ताट काढतील, भावजय परत घाबरेल, धाकट्याचा काही भरवसा नाही आणि मी रोज कासुर्डीत नसणार. भावजयीला मी एवढंच सांगून आले की पुन्हा कुणी बेलभंडारा काढला तर मला फोन कर, मी शिफ्ट सोडून येते.

बैठकीत मी तुमच्याविषयी सगळं सांगितलंय. दाताचं सांगितलं, वढूच्या सहलीचं सांगितलं. एक सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, हा कागदही कुणाला वाचून दाखवणार नाही. दौंडच्या दवाखान्यातून मी घरी आले त्यानंतर आबांनी तुम्हाला दुसऱ्यांदा देवळात नेलं. त्या वेळी आईने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. पोर आता न्यायची नाही, नुसता भंडारा उचलू द्या, असं तिने आबांना बजावलं होतं आणि मला घरात कडी लावून ठेवलं होतं. मी मागच्या दाराने निघाले. पायांत त्राण नव्हतं, तरी पळत आले, माणसांच्या मधून घुसून तुमच्यापुढं उभी राहिले आणि मान खाली घातली. तुम्ही मोडणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मरायची भीती तर रोजचीच होती. पण पहिल्या शपथेपासून तुम्ही मला एकदाही हात लावला नव्हता, मारायलासुद्धा नाही. तुम्ही जरा थांबलात, आबांकडं बघितलंत आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात. शपथ म्हणून झाली, माणसं पांगायला लागली, तरी मी मान वर केली नाही. हात आधी तुम्ही काढून घेतलात, आप्पा.